सिम्युलेशन खेळातील विमानी रडारचा शोधपल्ला कसा मोजावा: एक सविस्तर पद्धत

हवाई युद्धाच्या सिम्युलेशन खेळांत रमणाऱ्या मंडळींमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: अमुक विमानाचे रडार शत्रूला किती अंतरावरून पाहते? बहुतेकदा उत्तर एका आकड्यात दिले जाते आणि वाद तिथूनच सुरू होतो, कारण दोघांचे आकडे जुळत नाहीत. खरे पाहता दोघेही बरोबर असू शकतात. ‘ऐंशी किलोमीटर’ हा पल्ला कोणत्या लक्ष्यासाठी, समोरून की पाठीमागून, किती उंचीवरून, रडारच्या कोणत्या मोडमध्ये आणि किती खात्रीने मिळाला, हे सोबत सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. हा लेख त्या ‘सोबत’बद्दल आहे.

पुण्यात या विषयाची ओढ असणारे पुष्कळ आहेत. सुखोई-३० एमकेआय विमाने २००२ साली भारतीय हवाई दलात दाखल झाली ती लोहगावच्याच तळावर, आणि विमाननगर, वाघोली, येरवडा या भागांत राहणाऱ्यांना त्यांचा आवाज ओळखीचा आहे. त्यातून सिम्युलेशनकडे वळलेल्या अनेकांना खेळातील रडार खऱ्यासारखे वागते का, हे जाणून घ्यायचे असते. येथे एक मर्यादा आधीच स्पष्ट केलेली बरी. आपण जे मोजणार आहोत ते खेळाच्या प्रतिमानाचे वर्तन आहे. खऱ्या रडारचे आकडे त्यातून काढू नयेत. मात्र खेळातील रडार भौतिकशास्त्राचे नियम पाळते की नाही, हे घरच्या संगणकावर बसून नक्की तपासता येते.

उदाहरणांसाठी मी मुख्यतः ‘डीसीएस वर्ल्ड’ आणि त्यातील एफ/ए-१८सी हॉर्नेट हे विमान घेतले आहे, कारण त्याच्या एपीजी-७३ रडारमध्ये स्कॅनची रुंदी, बारांची (म्हणजे वर-खाली रचलेल्या आडव्या पट्ट्यांची) संख्या आणि स्पंदांची वारंवारता ही तिन्ही वैमानिकाला स्वतंत्रपणे बदलता येतात. चाचणीसाठी याहून सोयीचे दुसरे काही नसते. शेवटी ‘कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स’ या खेळाचाही विचार केला आहे.

आधी अपेक्षा मांडावी

मोजणीला बसण्यापूर्वी काय दिसायला हवे याचा हिशेब कागदावर असावा. रडारमधून निघालेली शक्ती लक्ष्यापर्यंत जाताना अंतराच्या वर्गाने विरळ होते आणि परत येतानाही पुन्हा अंतराच्या वर्गाने विरळ होते. त्यामुळे परतलेला संकेत अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. उलट बाजूने पाहिले तर शोधपल्ला हा लक्ष्याच्या रडार परावर्तन क्षेत्राच्या, म्हणजे आरसीएसच्या, चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढतो.

या एका नियमातून पुष्कळ काही निघते. आरसीएस १६ पट झाला तर पल्ला दुप्पट होतो. १० पट झाला तर पल्ला सुमारे १.७८ पट आणि दुप्पट झाला तर केवळ १.१९ पट होतो. आरसीएस शंभरावा हिस्सा केला तरी पल्ला शून्याजवळ जात नाही, तो मूळच्या सुमारे ३२ टक्के उरतो. रडारची प्रक्षेपणशक्ती दुप्पट केल्यानेही पल्ल्यात १९ टक्क्यांचीच भर पडते. डेसिबलमध्ये बोलायचे तर १२ डेसिबलला पल्ला दुप्पट आणि ४० डेसिबलला दहापट, एवढे लक्षात ठेवले की बरेच हिशेब तोंडी होतात.

समजा ५ चौरस मीटर आरसीएसचे लक्ष्य आपल्याला ८० किलोमीटरवर सापडले. मग बाकी सर्व तसेच ठेवून १ चौरस मीटरचे लक्ष्य सुमारे ५३.५ किलोमीटरवर आणि २० चौरस मीटरचे लक्ष्य सुमारे ११३ किलोमीटरवर सापडायला हवे. हे अपेक्षित आकडे आधी लिहून ठेवावेत. आकडे समोर आल्यावर त्यांना जुळणारे स्पष्टीकरण शोधण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि आधी लिहिलेला कागद तो आवरतो.

दुसरा हिशेब क्षितिजाचा. रडारलहरी वातावरणात किंचित वाकतात, ती वक्रता धरून रडारक्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर ४.१२ गुणिले दोन्ही उंचींच्या (मीटरमधील) वर्गमुळांची बेरीज इतके येते. आपले विमान २०,००० फुटांवर, म्हणजे सुमारे ६,१०० मीटरवर असेल आणि लक्ष्य समुद्रापासून ५० मीटरवर असेल, तर क्षितिज जवळजवळ ३५० किलोमीटरवर आहे. तेव्हा असे लक्ष्य ४० किलोमीटरपर्यंत दिसले नाही, तर त्याचे कारण पृथ्वीची वक्रता असू शकत नाही; कारण परावर्तनाच्या कल्लोळात, म्हणजे क्लटरमध्ये शोधावे लागेल. हेच रडार १०० मीटरवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरवर असते तर त्याच लक्ष्यासाठी क्षितिज ७० किलोमीटरवर आले असते, आणि तेव्हा वक्रतेचा विचार सर्वांत आधी करावा लागला असता.

मिशन बांधणे

चाचणीचे मिशन जितके ओके-बोके तितके चांगले. डीसीएससोबत मोफत मिळणाऱ्या कॉकेशस नकाशावर काळ्या समुद्राचा मोठा सपाट पट्टा आहे. पहिली मालिका तिथेच, किनाऱ्यापासून बऱ्याच आत करावी, म्हणजे डोंगरांचा प्रश्न उरत नाही. हवामानात वारा सर्व उंचींवर शून्य ठेवावा, ढग आणि खळबळ काढून टाकावी. वारा राहिला तर हवेतील वेग आणि जमिनीसापेक्ष वेग वेगळे होतात आणि डॉप्लरचे, म्हणजे वेगामुळे प्रतिध्वनीची वारंवारता सरकण्याचे, हिशेब नाहक बिघडतात.

आपले विमान हवेतच, २०,००० फुटांवर सुरू करावे. लक्ष्याचे विमान त्याच उंचीवर, नाकासमोर, १०० नॉटिकल मैलांवर ठेवून त्याचा मार्ग सरळ आपल्या दिशेने आखावा. सुरुवातीचे अंतर अपेक्षित पल्ल्याच्या किमान दीडपट असावे. मिशन सुरू होताक्षणी लक्ष्य दिसले तर ती फेरी निरुपयोगी ठरते, कारण ते त्याआधीही दिसले असते की नाही हे कळण्याचा मार्ग नसतो. दोन्ही विमानांचा खरा वेग सारखा ठेवावा. मी ४८० नॉट धरतो, कारण मग परस्परांकडे येण्याचा वेग ९६० नॉट, म्हणजे मिनिटाला बरोबर १६ नॉटिकल मैल होतो आणि घड्याळावरूनही अंतराचा अंदाज ताडून पाहता येतो.

लक्ष्याला काहीही ‘सुचू’ नये याची तजवीज करणे हे मिशनबांधणीतील सर्वांत महत्त्वाचे काम आहे. संगणकचलित वैमानिकाला आपल्या रडारची चाहूल लागली की तो वळतो, खाली जातो, जॅमर, म्हणजे रडारला गोंधळात टाकणारे यंत्र, लावतो, आणि आपण रडार मोजतो आहोत असे समजून प्रत्यक्षात त्याची बचावाची चाल मोजत बसतो. म्हणून लक्ष्याच्या पहिल्याच वेपॉइंटवर पर्याय नेमून द्यावेत: धोक्याला प्रतिसाद नाही, शस्त्रे रोखलेली, रडारचा वापर कधीही नाही, जॅमरचा वापर कधीही नाही. लक्ष्याच्या पंखांखाली क्षेपणास्त्रे किंवा जादा टाक्या ठेवू नयेत. बाह्य भार आरसीएसमध्ये धरला जातो की नाही हा स्वतंत्र चाचणीचा विषय आहे. पहिल्या मालिकेत तो प्रश्न उद्भवूच देऊ नये. लक्ष्य एकटेच असावे, कारण दोन विमाने जवळजवळ असली तर रडार त्यांना एकच समजू शकते.

स्वतःच्या विमानात उंची राखणारा ऑटोपायलट आणि वेग राखणारी स्वयंचलित थ्रॉटल लावावी. हात मोकळे राहिले की लक्ष रडारच्या पडद्यावर राहते. मार्ग हाताने दुरुस्त करत राहिल्यास प्रत्येक फेरीची भूमिती किंचित बदलते, आणि तो फरक नंतर कोणत्याही सरासरीने धुऊन निघत नाही.

रडारची मांडणी आणि स्कॅनचा काळ

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण बहुतेक चुकीचे आकडे याच टप्प्यात जन्माला येतात.

हॉर्नेटच्या शोधमोडमध्ये अँटेना २०, ४०, ६०, ८० किंवा १४० अंशांच्या रुंदीत डावी-उजवीकडे फिरते आणि एक, दोन, चार किंवा सहा बारांत वर-खाली सरकते. रुंदी १४० अंश आणि बार सहा ठेवले तर आकाशाचा मोठा भाग पाहिला जातो, पण एकाच दिशेकडे पुन्हा नजर जायला बराच वेळ लागतो. हा काळ कोणाचा ऐकीव धरू नये. घड्याळ लावून अँटेनाची दहा पूर्ण चक्रे मोजावीत आणि दहाने भागावे.

समजा एका चक्राला ८ सेकंद लागतात. ९६० नॉटच्या सापेक्ष वेगाने या काळात विमाने २.१ नॉटिकल मैल, म्हणजे जवळपास ४ किलोमीटर जवळ येतात. त्यामुळे रडारच्या संवेदनक्षमतेत तसूभरही फरक नसताना दोन फेऱ्यांचे पल्ले केवळ ‘अँटेना तेव्हा कुठे होती’ यामुळे ४ किलोमीटरने वेगळे येऊ शकतात. शिवाय हा फरक एकाच बाजूचा असतो: लक्ष्य टप्प्यात आल्यानंतर सरासरी अर्ध्या चक्राने ते नोंदले जाते, म्हणून मोजलेला पल्ला नेहमी थोडा कमीच येतो. अंतराचे मूल्य दशांशापर्यंत लिहून स्कॅनचा काळ मात्र न लिहिणारे निकाल मी विचारात घेत नाही.

यावर तोडगा म्हणजे दोन वेगळ्या मोजण्या करणे. पहिलीत २० अंश आणि एक बार ठेवून नजर लक्ष्यावर शक्य तितक्या वेगाने परतू द्यावी. यातून रडारची निखळ क्षमता कळते. दुसरीत १४० अंश आणि चार बार ठेवावेत. यातून लढाईत वैमानिकाला प्रत्यक्ष काय हाती लागेल ते कळते. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

एक बार ठेवताना अँटेनाचा उभा कोन काळजीपूर्वक लावावा. कर्सर ज्या अंतरावर असेल त्या अंतरावर शलाका कोणत्या उंचीपासून कोणत्या उंचीपर्यंत पोहोचते, ते आकडे हॉर्नेटच्या पडद्यावर कर्सरजवळ हजार फुटांत दिसतात. कर्सर अपेक्षित शोध-अंतरावर नेऊन लक्ष्याची उंची त्या दोन आकड्यांच्या मधोमध येईल असे करावे, आणि मग कर्सर लक्ष्याच्या वाटेतून बाजूला घ्यावा. पुढे फेरी संपेपर्यंत अँटेनाला हात लावू नये.

स्पंदांच्या वारंवारतेचे, म्हणजे पीआरएफचे, तीन पर्याय आहेत: उच्च, मध्यम आणि आलटून-पालटून. तिसऱ्या पर्यायात रडार बारागणिक उच्च आणि मध्यम बदलत राहते, त्यामुळे एकाच बारवर ठेवलेल्या चाचणीत तो वापरणे गोंधळाचे ठरते. पहिली मालिका उच्च पीआरएफवर करावी. पडद्यावरील ठिपका किती सेकंद टिकतो याची वेळही सर्वांत कमी ठेवावी, अन्यथा जुना ठिपका पाहून नवे दर्शन झाले असा समज होतो.

एक फेरी, क्रमाक्रमाने

मिशन सुरू झाल्यावर ऑटोपायलट स्थिर होईपर्यंत थांबावे. रडार सुरू करून ठरवलेली मांडणी पुन्हा एकदा नजरेखालून घालावी. नंतर पडद्यावर पहिला ठिपका दिसताच वेळ नोंदवावी. आवाजाची नोंद चालू ठेवून नुसते ‘दिसले’ म्हणणे हा सर्वांत सोपा मार्ग. पुढच्या प्रत्येक चक्रात ठिपका आला की नाही, हेही बोलत राहावे: ‘आहे, नाही, आहे, आहे’. लक्ष्याला लॉक करू नये आणि कर्सर त्यावर नेऊ नये, कारण लॉक केल्यावर रडार एकाच लक्ष्यावर वेळ घालवते आणि शोधाची चाचणी तिथेच संपते. लॉकचा पल्ला मोजायचा असेल तर त्यासाठी वेगळी मालिका करावी.

अंतर रडारच्या पडद्यावरून घेण्यापेक्षा ‘टॅकव्ह्यू’सारख्या नोंदणी-साधनातून घ्यावे. त्यात फेरीची संपूर्ण नोंद राहते आणि कोणत्याही क्षणी दोन विमानांमधील खरे अंतर, कोन आणि उंची वाचता येते. पडद्यावरील अंतर आणि खरे अंतर यांची तुलना करणे हीदेखील एक उपयुक्त तपासणी आहे.

दोघे मिळून काम करत असल्यास एकाने उडावे आणि दुसऱ्याने लिहावे. कोथरूड, हडपसर आणि चिंचवड अशा तीन टोकांना राहणाऱ्या मित्रांना एकत्र उडण्याची हौस असते हे मान्य, पण ही चाचणी नेटवर्कवरून करू नये. जाळ्यावरील विलंबामुळे लक्ष्याची जागा एका संगणकावर एक आणि दुसऱ्यावर किंचित वेगळी असू शकते. आधी एकाच संगणकावरची आधाररेषा तयार करावी, मग हवे तर बहुखेळाडू मिशनमध्ये तीच चाचणी करून फरक पाहावा.

पहिला ठिपका पुरेसा नाही

खऱ्या रडारमध्ये शोध ही संभाव्यतेची बाब असते, कारण प्रतिध्वनी गोंगाटाच्या पार्श्वभूमीवर ओळखायचा असतो आणि विमान किंचित हलले तरी त्याचे परावर्तन बदलते. चांगल्या सिम्युलेशनमध्ये ही अनिश्चितता उतरवलेली असते. अशा ठिकाणी पहिल्या ठिपक्याचे अंतर म्हणजे पल्ला, असे मानले तर एखादा भाग्याचा ठिपकाच विक्रम ठरतो.

म्हणून एकाच स्थितीत किमान दहा, शक्यतो वीस फेऱ्या कराव्यात. मग अंतराचे पाच-पाच नॉटिकल मैलांचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यात लक्ष्यावरून किती वेळा नजर गेली आणि त्यांपैकी किती वेळा ठिपका उमटला, हे गुणोत्तर काढावे. ज्या अंतरावर ते निम्मे होते तो ५० टक्क्यांचा पल्ला आणि जिथे ते ०.९ ला पोहोचते तो ९० टक्क्यांचा पल्ला. या दोन आकड्यांमधील अंतरही बोलके असते. ते शून्याजवळ असेल, म्हणजे एका ठरावीक अंतराअलीकडे लक्ष्य दरवेळी दिसते आणि पलीकडे कधीच दिसत नाही, तर खेळात संभाव्यता धरलेली नाही असे समजावे.

एकेका नजरेची संभाव्यता आणि एकूण संभाव्यता यांत गल्लत होऊ देऊ नये. एका नजरेत सापडण्याची शक्यता ०.३ असेल, तर पाच नजरांत निदान एकदा सापडण्याची शक्यता १ वजा ०.७ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.८३ होते. अरुंद स्कॅनमध्ये लक्ष्य लांबून सापडल्यासारखे वाटते त्याचे मोठे कारण हेच आहे. तेवढ्याच वेळात नजरा अधिक पडलेल्या असतात.

फेऱ्यांच्या संख्येबद्दल एक हिशेब सांगतो. एखाद्या टप्प्यात वीस नजरांपैकी दहा यशस्वी झाल्या, तर त्या ५० टक्क्यांच्या अनुमानात सुमारे ११ टक्क्यांची प्रमाणत्रुटी आहे. दहाच नजरा असतील तर ती १६ टक्क्यांवर जाते. तेव्हा दोन मांडण्यांत दोन-तीन मैलांचा फरक आला की लगेच निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

एका वेळी एकच बदल

आधाररेषा पक्की झाली की पहिला बदल लक्ष्याचा. छोटे लढाऊ विमान, मोठे लढाऊ विमान, मालवाहू विमान आणि बॉम्बर अशी चार-पाच लक्ष्ये घेऊन तीच फेरी करावी. खेळाच्या माहितीसंचात प्रत्येक विमानाचा आरसीएस दिलेला असेल तर आडव्या अक्षावर आरसीएसचा लॉगरिदम आणि उभ्या अक्षावर पल्ल्याचा लॉगरिदम घेऊन बिंदू मांडावेत. रेषेचा चढ ०.२५ आला तर खेळ चौथ्या मुळाचा नियम पाळतो. चढ ०.५ आला तर कुठेतरी वर्गमूळ वापरले आहे, आणि रेषा आडवीच राहिली तर पल्ला प्रत्येक रडारला सरसकट नेमून दिलेला आहे. माझ्या मते साऱ्या चाचण्यांत ही सर्वांत मोलाची आहे, कारण रडारचे खरे आकडे माहीत नसतानाही ती प्रतिमानाचा प्रामाणिकपणा उघड करते.

दुसरा बदल कोनाचा. लक्ष्य समोरून येते आहे, आडवे जाते आहे, की पाठ दाखवून पळते आहे, यांवर दोन गोष्टी बदलतात: परावर्तन आणि डॉप्लर. दहा गिगाहर्ट्झच्या, म्हणजे तीन सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारसाठी सेकंदाला ३०० मीटर सापेक्ष वेगाने वारंवारता २० किलोहर्ट्झने सरकते. समोरून येणाऱ्या लक्ष्याचा हा सरकाव जमिनीच्या कोणत्याही प्रतिध्वनीपेक्षा अधिक असतो, म्हणून उच्च पीआरएफमध्ये ते स्वच्छ आणि लांबून दिसते. याची किंमत अंतर ओळखताना मोजावी लागते: १०० किलोहर्ट्झच्या पीआरएफला निःसंदिग्ध अंतर केवळ दीड किलोमीटर असते आणि रडारला खरे अंतर इतर युक्त्यांनी शोधावे लागते. पाठलागात मात्र लक्ष्याचा सापेक्ष वेग शून्याजवळ येतो, आणि विमानाच्या थेट खालच्या जमिनीवरून येणाऱ्या प्रतिध्वनीचा सरकावही शून्यच असतो. त्या गर्दीत उच्च पीआरएफ दुबळे पडते आणि मध्यम पीआरएफ उजवे ठरते. खेळात पाठलागाची मालिका दोन्ही पीआरएफवर करून हा उलटफेर दिसतो का, ते पाहावे.

तिसरा बदल उंचीचा. आपण २५,००० फुटांवर आणि लक्ष्य २,००० फुटांवर. नंतर आपण १०,००० फुटांवर आणि लक्ष्य २५,००० फुटांवर. पहिल्या स्थितीत शलाकेमागे पृष्ठभाग आहे, दुसऱ्यात मोकळे आकाश. पल्ल्यात फरक पडायला हवा. वर पाहतानाचा आणि खाली पाहतानाचा पल्ला तंतोतंत सारखा आला, तर क्लटर विचारात घेतलेले नाही. ही जोडी समुद्रावर झाल्यावर जमिनीवरही करावी.

यानंतर नॉच. लक्ष्य आपल्या दृष्टिरेषेला काटकोनात उडू लागले की त्याचा आपल्या दिशेचा वेग शून्य होतो आणि त्याचा प्रतिध्वनी त्याच दिशेच्या जमिनीसारखाच भासतो. रडारची गाळणी दोघांनाही फेकून देते. ही गाळणी किती रुंद आहे हे मोजता येते. लक्ष्य खाली, आपण वर, अंतर ५० टक्क्यांच्या पल्ल्यापेक्षा बरेच कमी. दर फेरीला लक्ष्याचा मार्ग दृष्टिरेषेशी ६०, ७०, ७५, ८०, ८५ आणि ९० अंश असा ठेवत जावे. दृष्टिरेषा क्षणोक्षणी फिरते, म्हणून ठिपका नाहीसा झाला त्या क्षणाचा कोन टॅकव्ह्यूमधून वाचावा. सेकंदाला २५० मीटर वेगाचे लक्ष्य ८० अंशांवर नाहीसे होत असेल, तर २५० गुणिले ८० अंशांचा कोसाइन, म्हणजे सुमारे ४३ मीटर प्रतिसेकंद ही गाळणीची सीमा झाली. आता लक्ष्याचा वेग बदलून पाहावा. गाळणी खरोखर वेगावर आधारलेली असेल तर नाहीसे होण्याचा कोन बदलेल आणि ४३ हा आकडा टिकेल. कोनच टिकला तर खेळाने केवळ कोनाचा पट्टा आखून दिला आहे. शेवटी हेच लक्ष्य आपल्यापेक्षा बरेच उंच नेऊन पाहावे. मागे जमीन नसताना नॉचचा परिणाम पुष्कळ ओसरायला हवा.

जॅमरची मालिका सर्वांत शेवटी ठेवावी. जॅमरचा संकेत एकाच दिशेने येतो, म्हणून तो अंतराच्या वर्गाने क्षीण होतो, तर प्रतिध्वनी चौथ्या घाताने. त्यामुळे एका अंतराच्या आत प्रतिध्वनी जॅमरला मागे टाकतो, आणि ते अंतर आरसीएसच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. येथे चढ ०.५ येणेच बरोबर आहे.

डोंगर, टेहळणी विमाने आणि नकाशावरचे खेळ

डोंगराच्या सावलीची कल्पना पुणेकरांना सिंहगडावरून चटकन येईल. लोहगावच्या जमिनीवर एखादे रडार समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर आहे असे धरू. तिथून सिंहगड सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर आहे आणि त्याची उंची सुमारे १,३१२ मीटर. गडाच्या बरोबर मागे आणखी १५ किलोमीटरवर, म्हणजे तोरण्याच्या बाजूच्या मुलखात उडणारे विमान या रडारच्या दृष्टिरेषेत यायला त्याची उंची वक्रता धरून साधारण १,७०० मीटर तरी हवी. त्याखाली ते सावलीत आहे, मग रडार कितीही शक्तिशाली असो. खेळात अशीच एखादी कडा निवडून हा हिशेब आधी करावा आणि विमान त्या उंचीच्या शंभर मीटर वर आणि शंभर मीटर खाली नेऊन पाहावे. भूभागाची सावली धरली आहे की नाही, याचा निकाल दोन फेऱ्यांत लागतो.

संगणकचलित टेहळणी विमानांची, उदाहरणार्थ डीसीएसमधील ई-३ किंवा ए-५० यांची, चाचणी पडद्याविना करावी लागते. मिशनमध्ये लुआ या संगणकभाषेतील छोटी आज्ञावली बसवून दर सेकंदाला त्या विमानाच्या कंट्रोलरला ‘कोणती लक्ष्ये सापडली आहेत’ असे विचारता येते आणि उत्तर अंतरासह नोंद-फाइलमध्ये लिहिता येते. मात्र संगणकचलित विमानांचे रडार आणि खेळाडूच्या विमानाचे रडार यांची प्रतिमाने एकच असतील असे गृहीत धरू नये. एकाचे निकाल दुसऱ्याला लावण्यापूर्वी वरची आरसीएसची चाचणी दोघांवर स्वतंत्रपणे घ्यावी.

‘कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स’मध्ये काम अधिक सोपे आहे. माहितीसंचात प्रत्येक विमानाचे रडार परावर्तन समोरून, बाजूने आणि मागून, तसेच २ गिगाहर्ट्झच्या खालच्या आणि वरच्या पट्ट्यांसाठी वेगवेगळे, डेसिबलमध्ये दिलेले असते. सिनॅरिओ एडिटरमध्ये दोन बाजू तयार कराव्यात, एकीचे रडार चालू आणि दुसरीचे सर्व उत्सर्जन बंद ठेवावे, आणि संदेशांच्या नोंदीतून पहिल्या संपर्काची वेळ घ्यावी. लक्ष्याच्या बाजूला कोणतीही मोहीम देऊ नये, फक्त मार्ग द्यावा. दोन पट्ट्यांतील फरक तपासण्यासाठी एकाच लक्ष्यावर कमी वारंवारतेचे टेहळणी रडार आणि लढाऊ विमानाचे आठ ते बारा गिगाहर्ट्झमधील रडार असे दोन्ही लावून पाहावेत. कमी दृश्यतेच्या विमानांच्या बाबतीत हा फरक ठळक दिसतो.

नोंद

प्रत्येक फेरीमागे एक ओळ असावी: खेळाची आवृत्ती, रडार आणि मोड, पीआरएफ, रुंदी, बार, मोजलेला स्कॅनकाळ, आपली उंची आणि वेग, लक्ष्याचा प्रकार, उंची, वेग आणि कोन, पृष्ठभाग समुद्र की जमीन, पहिल्या ठिपक्याचे अंतर, आणि आहे-नाहीची संपूर्ण मालिका. रद्द केलेल्या फेऱ्याही कारणासह लिहाव्यात. केवळ मनासारख्या फेऱ्या ठेवल्या तर बाकीच्या कष्टांना अर्थ उरत नाही. एकके एकच ठेवावीत. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा आणि हजार फूट ३०४.८ मीटरचे, हे रूपांतर तक्त्यातच बसवावे, डोक्यात करू नये. लांबलचक मालिका शक्यतो गुरुवारी लावू नये. देखभालीसाठी वीज जाण्याचा तो वार पुण्यात सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे, आणि अर्धवट तुटलेली नोंद जुळवण्यापेक्षा दिवस बदलणे सोपे.

निकाल इतरांना देताना मिशनची फाइल, टॅकव्ह्यूच्या नोंदी आणि तक्ता तिन्ही द्यावेत, म्हणजे दुसऱ्या कोणालाही तीच चाचणी स्वतः करून पाहता येईल. खेळाची नवी आवृत्ती आली की रडारचे वर्तन गाजावाजा न होताही बदललेले असू शकते. तेव्हा सर्व मालिका पुन्हा करण्याची गरज नाही. समोरून, समान उंचीवर, उच्च पीआरएफ, २० अंश, एक बार ही आधाररेषेची मालिका आणि नॉचची ८० अंशांची फेरी एवढे आधी करावे. दोन्ही जुन्या आकड्यांशी त्रुटीच्या मर्यादेत जुळले, तर जुना तक्ता नव्या आवृत्तीचा क्रमांक टाकून पुढे वापरावा. न जुळल्यास आरसीएसच्या मालिकेपासून पुन्हा सुरुवात करावी.